गुरुवारची लाल वाइन

नवरा केंब्रिजला गेला त्या हिवाळ्यात मी उभ्यानं जेवायला लागले. ठरवून नाही. ऑफिसातून आल्यावर पातेल्यात सकाळची भाजी असायची, डब्यात पोळी. ताट घ्यायचं, वाढायचं, बसायचं, मग ते ताट धुवायचं, एवढा सगळा पसारा एका माणसासाठी कशाला, असं वाटायचं. सिंकपाशी उभं राहून पोळीत भाजी गुंडाळायची, खिडकीतून शेजारच्या छपरावरचा बर्फ बघत खायची आणि हात धुवायचे. झालं जेवण.

आम्ही दोघं नागपूरचे, इंजिनिअरिंग कॉलेजपासूनचे, म्हणून एकमेकांना अरे-तुरे. मॉन्ट्रियलला आलो तेव्हा मला विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत क्वालिटीचं काम मिळालं. संध्याकाळच्या क्लासला जाऊन मी फ्रेंच शिकले. नवरा म्हणायचा, "तू शीक, मला सांग." त्याच्या कंपनीनं इथलं युनिट बंद केलं तेव्हा हे 'मला सांग' महागात पडलं. प्रत्येक इंटरव्ह्यू फ्रेंचपाशी येऊन अडायचा. वर्षभर घरी बसल्यावर ओंटारियोत, केंब्रिजला, मोटारींच्या कारखान्यात त्याला मेंटेनन्समध्ये जागा मिळाली. दिवसभराचा रस्ता. "सहा महिने बघू," तो म्हणाला. मुलगी त्याच सुमारास हॅलिफॅक्सला शिकायला गेली. आमचं कॉन्डो एकटीला खायला उठायचं. ते सोडलं आणि शहराला लागूनच असलेल्या लव्हालमध्ये एका डुप्लेक्सचा वरचा मजला भाड्यानं घेतला.

रोज संध्याकाळी आमचा व्हिडिओ कॉल व्हायचा. सुरुवातीला तासभर चालायचा. मग बोलायला काही उरेना.

"जेवलीस?"

"हो. तू?"

"झालं माझं."

"थंडी?"

"आहे. तिकडं?"

"आहे."

भांडण असतं तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दोन माणसं लागतात.

खालच्या मजल्यावर घरमालक राहायचे. ऐंशी ओलांडलेले, दक्षिण इटलीतल्या कुठल्याशा डोंगरी गावातून विशीत इथे आलेले, आयुष्यभर लोकांच्या घरांत फरशा बसवलेल्या. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. मी त्यांना इथल्या पद्धतीनं 'मस्यू' म्हणायचे, ते मला 'मादाम'. आमचं बोलणं फ्रेंचमध्ये चालायचं. माझी फ्रेंच क्लासमधली, त्यांची बांधकामावरची. दोघांचीही स्वतःची भाषा नव्हती म्हणून आम्ही सावकाश बोलायचो, आणि सावकाश बोलल्यामुळे असेल, एकमेकांचं नीट ऐकायचो.

ओळख झाली ती हिंगामुळे. एका संध्याकाळी मी बेसन करत होते. आमच्याकडे नागपूरला पिठल्याला बेसनच म्हणतात. तेलात मोहरी, हिंग, लसूण, मिरची पडली आणि दोन मिनिटांत दारावर थाप. मस्यू धापा टाकत जिना चढून आले होते.

"मादाम, काय जळतंय?"

"काही नाही जळत. मी स्वयंपाक करतेय."

त्यांनी माझ्या खांद्यावरून गॅसकडे पाहिलं. गॅस म्हणजे आपली सवय. शेगडी विजेचीच होती. "जळत नसेल," ते म्हणाले, "तर मग चव दाखवा."

मी वाटीभर बेसन दिलं. दुसऱ्या दिवशी माझी वाटी जिन्याच्या वरच्या पायरीवर झाकून ठेवलेली सापडली, आणि ती रिकामी नव्हती. शेंगदाण्याएवढे पांढऱ्या राजम्याचे दाणे आणि बारीक मॅकरोनी, दाट रश्शात. मला आईची आठवण झाली. शेजारची वाटी रिकामी परत द्यायची नाही, अगदीच काही नसलं तर चिमूटभर साखर घालायची, हे आमच्या वस्तीत प्रत्येक घर पाळायचं. त्या डोंगरी गावातही पाळत असावेत.

तरीही ते वाटीपुरतंच राहिलं असतं. पण जानेवारीत एका गुरुवारी दिवसभर फ्रीझिंग रेन झाला. झाडांच्या फांद्यांवर काचेसारखा बर्फ चढला, तारा तुटल्या, दुपारी आमच्या रस्त्याची वीज गेली. माझ्याकडे हीटरपासून शेगडीपर्यंत सगळंच विजेवर. जॅकेट घालून, ब्लँकेट पांघरून मी बसले होते. अंधारायला लागलं तेव्हा मस्यूंनी खालून जिन्याच्या कठड्यावर काठी वाजवली.

"मादाम! खाली या. इथे माणसासारखं गरम आहे."

खाली म्हणजे तळघरात. इथल्या जुन्या इटालियन घरांत दोन स्वयंपाकघरं असतात. वरचं पाहुण्यांना दाखवायचं, चकचकीत, त्यात कोणी कांदासुद्धा चिरत नाही. खरा स्वयंपाक बेसमेंटमध्ये. तिथे लाकडाची भट्टी पेटलेली होती, सिलिंडरवरचा गॅस होता, भिंतीला टोमॅटोच्या बरण्या लावलेल्या. एका कोपऱ्यात विंटर टायर बसवताना काढलेले उन्हाळी टायर रचलेले आणि त्यांच्यामागे जुन्या चादरीखाली झाकलेलं, माणसाच्या कमरेएवढं काहीतरी.

टेबलावर त्यांनी कापड अंथरलं होतं. दोन खोलगट ताटल्या, दोन चमचे, घडी घातलेले दोन रुमाल. दोन जाड काचेचे बुटके पेले. आणि मध्ये एक बाटली, लाल वाइनची, अर्धी संपलेली, बूच परत दाबून बसवलेलं.

मी दारातच थांबले.

माझे काका दारूपायी गेले. हातभट्टीची. मी तेव्हा पाचवीत होते. काकू मग आमच्याकडेच राहिली, शेवटपर्यंत. आमच्या वस्तीतल्या बायकांनी एकदा मिळून गुत्त्यावरचे माठ फोडले होते, त्यात आई आणि काकू दोघी होत्या. बाबा दर रविवारी आम्हा भावंडांना विहारात न्यायचे. पंचशील म्हणताना आम्ही मुलं कुजबुजायचो, चुकायचो. पण पाचवं शील आलं, मद्यापासून दूर राहण्याचं, की काकूचा आवाज एवढा मोठा व्हायचा की आम्ही गप्प. त्या घरातून मी आलेली. कॉलेजात नाही, ऑफिसच्या पार्टीत नाही, कधीच ग्लासाला हात लावला नव्हता, आणि त्याचं मला काही विशेषही वाटत नव्हतं. डावा हात उजवीकडे नसतो, तसं ते होतं.

"मस्यू, मी घेत नाही," मी म्हणाले.

मला वाटलं, आता 'थोडी घ्या, औषध म्हणून घ्या' सुरू होईल. त्यांनी फक्त मान हलवली. दोनांतला एक पेला उचलला, नळाखाली धरला, पाण्यानं भरला आणि परत माझ्या ताटलीपाशी, जिथे होता तिथेच ठेवला.

"पाणीसुद्धा बसूनच प्यायचं," ते म्हणाले.

त्यांना कसं कळलं की मी उभ्यानं जेवते, हे मी नंतर विचारलं. म्हणाले, वर खुर्ची सरकल्याचा आवाज कधीच येत नाही.

त्या दिवशी त्यांनी बटाटा आणि कोबीचं काहीतरी केलं होतं, वर भरपूर तेल आणि सुकी मिरची. आम्ही बसून जेवलो. त्यांनी स्वतःच्या पेल्यात पाऊण वाइन ओतली, बूच घट्ट दाबलं आणि बाटली उचलून मागच्या फळीवर ठेवली. तो पेला जेवणभर पुरवला. घास, घोट, मग बराच वेळ नुसतं बोलणं. जेवण संपलं तेव्हा पेला संपला. काकांचं पिणं मी पाहिलेलं होतं. त्यात जेवण नसायचंच. ताट तसंच राहायचं, किंवा भिंतीवर जायचं.

वीज दुसऱ्या दिवशी आली. पण पुढच्या गुरुवारी काठी पुन्हा वाजली, आणि त्याच्या पुढच्याही. रविवारी त्यांची मुलगी डबे घेऊन यायची, गुरुवार माझा झाला. मी कधी वरण न्यायची, कधी वांग्याचं भरीत. भरतावर मी सांबार पेरलं, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, तर त्यांनी ते बोटानं बाजूला केलं. "साबणासारखं लागतं," म्हणाले. एवढं एक सोडलं तर सगळं खायचे.

त्यांच्याकडूनच मला ती वाइन कळली. आधी ते घरीच करायचे. सप्टेंबरात ट्रकनं द्राक्षांच्या पेट्या यायच्या, नवरा-बायको मिळून गॅरेजात द्राक्षं चिरडायचे, महिनाभर सगळ्या गल्लीला वास. टायरांमागे चादरीखाली होतं ते द्राक्षं दाबायचं यंत्र. बायको गेली त्या वर्षी त्यांनी एकट्यानं वाइन केली, आणि एकट्यानंच प्यायली. दिवसा, टेबलाशिवाय, जेवणाशिवाय. एके दिवशी मुलीला ते तळघराच्या जिन्याखाली सापडले.

"तेव्हापासून घरची नाही," ते म्हणाले. "दुकानातली. बाटलीला तळ असतो, पिंपाला नसतो."

दुकानातली म्हणजे ही एकच, सरकारी दारूच्या दुकानातल्या सगळ्यांत खालच्या फळीवरची, स्वस्तातली इटालियन. एका जातीच्या द्राक्षांची नव्हे, तीन जातींची मिसळ. एक आंबटपणाला, एक रंगाला, एक तोंडात मऊ लागावी म्हणून. मी म्हटलं, "आम्ही वरणात तुरीबरोबर मुगाची मूठ टाकतो, तसं." ते समजले. म्हणाले, "एकाच द्राक्षाची भारी वाइन लग्नाला. तिच्याकडे बघत बसावं लागतं. ही मंगळवारची आहे. हिला कोणी बघत नाही, जेवणाकडे बघतात."

फेब्रुवारीत फुटपाथवर बर्फाचा थर गोठला आणि त्यांच्या गुडघ्यानं दुकानापर्यंत जायला नकार दिला. त्यांनी मला सांगितलं नाही. एका गुरुवारी त्यांच्याही पेल्यात पाणी होतं, एवढंच. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना मी दुकानात शिरले. कोणी मराठी माणूस दिसतो का म्हणून आधी पार्किंगमध्येच दोन मिनिटं बसून राहिले. आत दिवाळीच्या दुकानासारखा उजेड. सगळ्यांत खालची फळी शोधत मी उकिडवी बसले होते, तर तिथली बाई आली आणि फ्रेंचमध्ये विचारलं, "कशाबरोबर आहे?"

मला आधी समजलंच नाही. मग कळलं, ती जेवण विचारतेय. माझ्या मनात दारूच्या दुकानात विचारायचा एकच प्रश्न होता, किती. आणि इथे विचारतात, कशाबरोबर.

"चण्याच्या पिठाचं," मी म्हणाले. "लसूण, मिरची."

तिनं गंभीरपणे विचार केला आणि म्हणाली, "मग हीच चालेल."

मार्चमधल्या एका गुरुवारी, दुपारी, नवऱ्याचा मेसेज आला. फोन नाही, मेसेज. तो पर्मनंट झाला होता आणि केंब्रिजला एक टाउनहाउस बघून आला होता. खाली फोटो. दिवाणखाना, गॅरेज, बॅकयार्ड. मी लंच ब्रेकमध्ये फोन केला.

"माझी नोकरी?" मी विचारलं.

"इकडं मिळेल की काहीतरी. तुझ्या एक्स्पीरियन्सला कोण नाही म्हणेल?"

"काहीतरी?"

"अगं, कायम असंच राहायचं का आपण?"

"सहा महिने बघू, तूच म्हणाला होतास."

"बघितले ना," तो म्हणाला. "बघूनच सांगतोय."

त्या संध्याकाळी मी खाली गेले ती तशीच, चेहरा न धुता. ताटल्या मांडलेल्या होत्या. मस्यू माझ्या पेल्यात पाणी भरायला उठले तर मी म्हणाले, "पाणी नको. ती द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाटली त्यांच्या हातात होती.

"आज नाही," ते म्हणाले.

"का?"

"काय झालंय?"

मी सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग माझ्या पेल्यात पाणी ओतलं, आणि त्या दिवशी स्वतःच्याही पेल्यात पाणीच ओतलं. "रागावलेल्या माणसाला मी ओतत नाही. एकदा ओतली होती, स्वतःला. पुढच्या गुरुवारी अजून हवी असेल तर मागा."

मला त्यांचा राग आला. पन्नाशीच्या बाईला कोणी असं सांगतं का? जेवण मी निम्मं टाकून वर आले. पण आठवडाभर विचार करायला वेळ मिळाला. काकूचा केला, बाबांचा केला. नवऱ्याचा तर केलाच. पुढच्या गुरुवारी राग उतरलेला होता, आणि मी शांतपणे म्हणाले, "आज द्याल?"

त्यांनी दोन बोटं ओतली. मी वास घेतला. मला हातभट्टीच्या वासाची भीती होती, तो नव्हता. चव आंबट, आमसुलासारखी, आणि नंतर जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी खरखरीत. नुसती मला आवडली नाही. मग मी पांढऱ्या राजम्याचा तेलकट घास घेतला, त्यावर घोट, आणि दोन्ही बदलले. घास हलका झाला, आंबटपणा गेला. एवढंच. डोकं गरगरलं नाही, पाय अडखळले नाहीत. वर येऊन मी भांडी घासली आणि झोपले.

तेव्हापासून गुरुवारी एक पेला. त्यापेक्षा जास्त कधी नाही, आणि दुसऱ्या कुठल्या वारी नाही. पण एक गोष्ट मात्र झाली. ऑनलाइन वंदनेला बसले की पाचव्या शीलापाशी माझा आवाज खाली येतो. म्हणायचं सोडलेलं नाही. कुठल्या तोंडानं सोडणार, काकूनं एवढ्या मोठ्यानं म्हटलेलं. पण मोठ्यानं म्हणवत नाही.

नवऱ्याला मी स्वतःच सांगितलं. तो तिकडच्या आपल्या लोकांच्या संघटनेत पहिल्या फळीतला. जयंतीचा कार्यक्रम, मुलांचे धम्मवर्ग, सगळ्यात पुढे. स्क्रीनवर त्याचा चेहरा इतका स्थिर झाला की मला वाटलं नेट गेलं.

"एकटी पितेस?" त्यानं विचारलं.

"नाही. खाली. जेवताना. म्हातारबा असतात."

"सवय?"

"नाही."

"सगळे नाहीच म्हणतात," तो म्हणाला, आणि मग, "लाँग वीकेंडला येतो."

मे महिन्यात तो आला. मस्यूंनी त्याच्यासाठी शनिवारीच गुरुवार केला. नवऱ्यानं नागपूरहून कोणी आणलेली संत्राबर्फी नेली होती. टेबलावर आता तीन ताटल्या, तीन पेले. मस्यू बाटली घेऊन आले तसा नवऱ्यानं पेल्यावर हात ठेवला. मी मध्ये काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी तो पेला काढून घेतला, पाण्यानं भरला आणि परत ठेवला. माझ्यासाठी ठेवला होता तसाच. त्या दिवशी मीही पाणीच घेतलं.

नवऱ्याला फ्रेंच येत नाही, मस्यूंची इंग्लिश चार वाक्यांची. मी मध्ये बसून दोन्हीकडचं सांगत होते. हवामान झालं, कारखाना झाला. मग मस्यूंनी विचारलं, आणि मी नवऱ्याला मराठीत सांगितलं, "विचारतायत, तू संध्याकाळी कुणाबरोबर जेवतोस?"

नवरा हसला. "सांग, गाडीबरोबर."

"म्हणजे?"

"गाडीत जेवतो. पार्किंग लॉटमध्ये, हीटर लावून. खोलीवरचं किचन शेअर्ड आहे ना. तिकडं कायम कुणीतरी असतं, त्यांच्यात मध्येच जाऊन उभं राहायचं... शिफ्ट सुटली की डबा उघडतो, खातो आणि मग घरी येतो."

"आणि मला 'झालं माझं' सांगतोस ते?"

"झालेलंच असतं."

तो ताटलीकडे बघत होता. सहा महिने उलटून गेले होते. रोज मी विचारत होते आणि रोज तो सांगत होता. मी सिंकपाशी आहे हे मी त्याला सांगितलं नव्हतं, आणि तो गाडीत आहे हे त्यानं मला. दोघंही खरंच बोलत होतो.

मस्यू माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते. मी त्यांना फ्रेंचमध्ये सांगितलं. ते उठले, पातेलं आणलं आणि नवऱ्याच्या ताटलीत न विचारता आणखी दोन डाव वाढले. काहीतरी पुटपुटले.

"काय म्हणाले?" नवऱ्यानं विचारलं.

म्हणाले होते, गाडीत तर कुत्र्यालासुद्धा जेवू घालू नये. मी म्हणाले, "म्हणाले, अजून घ्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा शेजारी नव्हता. शोधत खाली गेले तर तळघरात दोघंही गुडघ्यांवर बसलेले, चादर बाजूला आणि ते यंत्र मध्ये. मधला लोखंडी स्क्रू गंजून बसला होता. नवऱ्यानं गाडीतली हत्यारं आणली होती, ब्रशनं गंज खरवडत होता, तेल सोडत होता. भाषेवाचून त्यांचं व्यवस्थित चाललं होतं. मस्यू बोट दाखवायचे, हा मान हलवायचा. दुपारपर्यंत दांडा फिरायला लागला. मस्यूंनी स्वतः एक पूर्ण फेरी मारून पाहिली आणि भिंतीला धरून उभे राहिले.

जिना चढताना मी नवऱ्याला म्हटलं, "वाइन करायचं मशीन दुरुस्त केलंस तू."

"मशीनला शील नसतं," तो म्हणाला. किती महिन्यांनी तो मला हसवत होता.

जाताना टाउनहाउसचं बोलणं निघालं. त्यानंच काढलं. म्हणाला, "नाही घेत सध्या. एक छोटं अपार्टमेंट बघतो, स्वतःचं किचन असलेलं." 'तू ये' म्हणाला नाही. 'मी परत येतो' असंही म्हणाला नाही. त्याची गाडी वळेपर्यंत मी आणि मस्यू दारात उभे होतो.

मस्यूंनी सप्टेंबरात द्राक्षं मागवायचं ठरवलं. एकच पेटी, मोठ्यांसाठी खेळणं म्हणून, असं मुलीला सांगितलं. ती तयार झाली, फक्त अट घातली की मादाम सोबत असतील. मी हो म्हणाले. पण ऑगस्टमध्ये ते अंगणात टोमॅटोला पाणी घालताना पडले. खुब्याचं हाड. हॉस्पिटलातून ते घरी आलेच नाहीत. मुलीनं त्यांना लव्हालमध्येच एका वृद्धाश्रमात ठेवलं. चांगली, स्वच्छ जागा. तिथे ऊन असतानाच रात्रीचं जेवण वाढतात. चार-चार जणांची टेबलं, मधोमध कागदी फुलं, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. सगळे ताटाकडे बघतात.

मी गुरुवारी जायची. नर्सला विचारून एकदा ती वाइन नेली, छोट्या थर्मासमध्ये. तिनं म्हटलं, थोडी चालेल. तिथल्या प्लॅस्टिकच्या पेल्यात मी त्यांना ओतली. त्यांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि समोरच्या ताटातल्या उकडलेल्या गाजरांकडे पाहिलं.

"कशाबरोबर प्यायची?" ते म्हणाले.

मी पुढच्या खेपेला डब्यातून बेसन नेलं. ते त्यांनी दोन चमचे खाल्लं. त्यानंतर त्यांची फ्रेंच हळूहळू गेली, मग इटालियनही. त्यांच्या गावची बोली उरली, ती मुलीलासुद्धा अर्धीच कळायची. मी जायची, बसायची. ते बोलायचे, मी मराठीत उत्तर द्यायची. दोघांनाही काही समजायचं नाही, आणि तरी ते बोलणं माझ्या आठवड्यातलं सर्वांत लांब बोलणं असायचं.

मुलीनं घर विकायला काढलं. विचारलं, मशीन हवंय का तुमच्या मिस्टरांना. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मी काय करणार त्याचं?" आणि मग दोन दिवसांनी पुन्हा विचारलं, "गेलं का ते?" गेलं होतं. कोणीतरी बागेत कुंडीसारखं ठेवायला नेलं.

मी आता मॉन्ट्रियलमध्ये मेट्रोजवळ एका खोलीच्या घरात राहते. टेबल घेतलं. ते मांडून, कापड अंथरून, एका गुरुवारी तीच बाटली आणून बसले. भरीत होतं, भाकरी होती. समोरची खुर्ची रिकामी ठेवायची की काढून टाकायची, हेच कळेना. वाइन आंबट लागली, नुसती आंबट. उरलेली मी राजम्यात घातली. तेव्हापासून आणली नाही. शील म्हणून नाही. मला खोटं बोलायचं नाही. ती वाइन समोर माणूस असल्याशिवाय जमतच नाही, म्हणून.

मस्यू जानेवारीत गेले. चर्चमधलं सगळं झाल्यावर शेजारच्या हॉलमध्ये जेवण होतं. मी मागे, दाराजवळच्या टेबलाशी बसणार होते. तर त्यांची मुलगी आली, माझा कोट स्वतःच्या हातात घेतला आणि मला नेऊन घरच्यांच्या टेबलाशी बसवलं. दोन्ही बाजूंना मोठमोठ्यानं बोलणारी माणसं. एकानं मला भात वाढला, दुसऱ्यानं विचारलं, तुम्ही त्यांच्या कोण. मुलगीच म्हणाली, "पापा यांच्याबरोबर जेवायचे."

ते त्या माणसाला पुरलं. त्यानं मान डोलावली आणि माझ्यासमोरचा पेला भरला.

मी तो संपवला. मग मेट्रोनं घरी आले. नवऱ्याला फोन लावला, तर तो शिफ्टवर होता, उचलला नाही. बाहेर बर्फ पडायला लागला होता, या मोसमात कितव्यांदा तरी. मी कोट न काढता पलंगावर बसून राहिले. थोड्या वेळानं त्याचा मेसेज आला, "ब्रेकमध्ये करतो. रडलीस का?" मी लिहिलं, "हो." मग खोडलं नाही, तसंच पाठवलं.